सगुणभाऊंची बेलपेटी

चवथीला तीन दिवस होते. मी अंगणात माटोळीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगायची लाकडी चौकट घासत होते, तेवढ्यात दाराची बेल वाजली. ओल्या हातांनी उठले, आणि मग लक्षात आलं की दार उघडंच आहे आणि दारासमोर मीच बसले आहे.

"सगुणभाऊ," मी कुंपणापलीकडे ओरडले, "पुरे करा आता."

"चुकान तुमचो पंचम लागलो, वयनी."

सगुणभाऊ आमचे शेजारी. तुयेच्या एका कारखान्यात वायरमन होते. निवृत्त झाल्यापासून मोडकी वस्तू दिसली की उचलतात आणि तिचं वाद्य करतात. चालती वस्तू फुकट दिली तरी घेत नाहीत. "वाजता ता दुकानात गावता. मेलेला बोलवूक व्हया," असं त्यांचं म्हणणं.

यंदा त्यांनी आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या घराघरांतल्या, निकामी बेल जमवून पेटी केली. कपाटाचा ड्रॉवर, जुन्या हार्मोनियमच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली एक बेल. आतले भाग बदलून सगळ्यांना सुरात आणलं, पण आवाज ज्याच्या त्याच्या घरचाच राहिला. लोकांनी नव्या बेलही तसल्याच बसवलेल्या. त्यामुळे भाऊंचा रियाज सुरू झाला की अख्खा वाडा दारं उघडतो. खालच्या घरातले मास्तर एकदा शर्ट चढवून बाहेर आले आणि "या, बसा" म्हणाले. समोर कोंबडी होती.

ही पेटी आमच्या गणपतीच्या आरतीला वाजवायची, हे भाऊंनी मे महिन्यातच जाहीर केलं होतं. अडचण एकच. मध्यम नव्हता. वाड्यावर मेलेली बेलच उरली नव्हती. आरतीला घुमट, म्हणजे चामडं ताणलेलं मातीचं मडकं, वाजवणाऱ्या बाबनीने तर सांगून टाकलं होतं, "दात पडलेली पेटी आमच्यात नाका." तेव्हापासून भाऊ जेवणातही लक्ष देत नव्हते.

मी हात पुसले आणि त्यांच्या पडवीत गेले. भिंतीवर खिळ्याला एक पांढरी बेल टांगलेली होती.

"ही काय मग?"

"ती मोडकी नाय."

"उत्तम. लावा. सुरात तेवढी आणा."

"आणूक नाका. मध्यमच आसा तिचो."

त्यांनी ती काढली, सदऱ्याच्या टोकाने पुसली. धूळ नव्हतीच तिच्यावर.

चवथीच्या संध्याकाळी आरती रंगली. पेटी घुमटाला पुरून उरली. मास्तर दोनदा दारापर्यंत जाऊन आले. मग भाऊंनी मध्यम दाबला आणि पेटी सोडून ताडकन उठले.

"इलंय गो, इलंय."

सगळे हसले. मीही हसले. साऱ्या वाड्याला उठवणारा माणूस आज स्वतः उठला, म्हणून. भाऊ मात्र दोन पावलं आपल्या घराच्या दिशेने टाकून थांबले. परत येऊन बसले आणि मध्यम गाळून आरती पुरी केली. बाबनीने घुमटाचा ठेका तेवढा धरून ठेवला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. त्यांची बायको मंगल दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती. बटण तिच्या उशाशी, बेल भाऊंच्या पडवीत; ती दाबायची आणि भाऊ 'आलो गं' म्हणत आत धावायचे. ती गेली त्याला तीन वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्क्रू काढून आमच्या दाराची बेल उतरवली आणि त्यांच्याकडे गेले.

"ही मध्यमाला बसवा. ती खिळ्यावर ठेवा."

"पण ही चालता, वयनी. मी मोडकीच घेतंय."

मी ती त्यांच्या पायरीवर आपटली.

"घ्या."