सीतारामकाकांची रांग

लग्न होऊन मी नांदुऱ्याजवळच्या या गावात आले, तेव्हा उंबरठ्यावरचं माप ओलांडायच्या आधीच शेजारच्या सीतारामकाकांनी मला विचारलं होतं, "कारड हाये का, सूनबाई?" मला वाटलं, रेशनकार्ड विचारतायत. नवरा कानात पुटपुटला, "मतदानाचं. हो म्हण, नाहीतर इथंच फॉर्म भरून घेतील."

मतदान कार्ड म्हणजे काकांचा जीव की प्राण. स्वतःचं आणि गोकर्णाकाकूंचं, अशी दोन कार्डं सदऱ्याच्या आतल्या खिशात कायम. माहेराहून परतलेल्या काकूंनासुद्धा ते दारात अडवून विचारत, "कारड?" काकू पिशवी त्यांच्या हातात कोंबून म्हणत, "तुमच्याच खिशात हाये. सरका!"

टपरीवर यावरून नेहमी जुंपायची. कोणीतरी मुद्दाम काडी टाकायचं, "काका, या गावात बकरीलेबी सारे वयखतात. इथं कारड काऊन पाह्यजे?" (वयखणे म्हणजे ओळखणे. मी नाशिककडची, मलाही हे शिकावंच लागलं.)

काका चहा खाली ठेवत. "वयख घरी ठेवायची, बे! उद्या तू माह्या नावानं मत देशील अन् वरतून म्हनशील, सारे वयखतात मले. मानसाचं तोंड सकायी एक, संध्याकायी एक. कारड कधी तोंड फिरवत नाही."

एकदा दुसराच सदरा घालून ते केंद्रावर गेले. खिशात कार्ड नाही. आत बसलेला एजंट सख्खा पुतण्या. तो म्हणाला, "काका, आधार चालते, ते दाखवा." काका त्याच्यावरच उखडले आणि भर उन्हात घरी जाऊन कार्ड घेऊन आले.

आता खरी गंमत. या कार्डनिष्ठ माणसाच्या कार्डावर छापलं होतं, 'लिंग : स्त्री'. टाइप करणाऱ्यानं 'सीता' वाचलं असावं आणि 'राम' येईपर्यंत त्याला धीर निघाला नसावा. दुसरा कोणी असता तर दुरुस्तीसाठी तहसिलात धावला असता. काका मतदानाच्या दिवशी सरळ बायकांच्या रांगेत जाऊन उभे राहिले, काकूंच्या मागे. पोलिसानं हटकलं तर कार्ड पुढे केलं. "वाचा. सरकारनं लिवलं ते खोटं हाये का?" पोलिसानं डोकं खाजवलं. बायकांनी तोंडाला पदर लावले.

तेव्हापासून ती त्यांची ठरलेली जागा. पुढे काकू, मध्ये काका, मागे मी. दुरुस्तीचं नाव काढलं की म्हणायचे, "चूक सरकारची, हेलपाटे मी काऊन मारू?" सगळं गाव म्हणायचं, हट्टी म्हातारा. मीही म्हणायचे. शिवाय रांगेत त्या दोघांच्या गप्पा इतक्या रंगायच्या, की पुढची बाई सरकली तरी यांना पत्ता नसायचा. मला भारी राग यायचा.

यंदा याद्या तपासायला आलेल्या अंगणवाडीच्या ताईंनी ती चूक पकडली. नवं रंगीत कार्ड पोस्टानं आलं. मीच वाचून दाखवलं, "पुरुष! काका, पेढे द्या आता."

काका हसले नाहीत. कार्ड उलटसुलट करून म्हणाले, "जुनं चालन का व?"

"नवं आलं की जुनं बाद. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

"हाव," ते हळूच म्हणाले, "मीच सांगतो."

मतदानाच्या दिवशी काका पुरुषांच्या रांगेत मुकाट जाऊन उभे राहिले. इकडे मी थेट काकूंच्या मागे. रांग कधी नव्हे ती भराभर सरकत होती, आणि मला मुळीच बरं वाटत नव्हतं. शेतात जाताना काका पुढे आणि काकू बऱ्याच मागे. लग्नात पंगती वेगळ्या. एसटीतही काकू बायकांच्या सीटवर. या दोघांना चारचौघांत जवळजवळ उभं राहून बोलताना मी फक्त या रांगेत पाहिलं होतं. हे माझ्या टाळक्यात शिरायला काकांना पुरुष व्हावं लागलं.

तेवढ्यात काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, रांग सोडली, मधलं पटांगण ओलांडलं आणि त्या काकांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"हे काय व?" काका गोरेमोरे झाले.

"इतके वर्स तुम्ही माह्या लायनीत राह्यले. आज मी तुमच्या लायनीत."

पोलीस धावत आला. बाहेरगावचा, तरणा पोरगा. "आजी, बायकांची रांग तिकडं आहे. कोण आहेत या? कार्ड आहे का?"

काकांचा हात सवयीनं आतल्या खिशात गेला. दोन्ही कार्डं तिथंच होती. हात थोडा वेळ आतच राहिला आणि मग रिकामाच बाहेर आला.

"राहू द्या साहेब," काका म्हणाले. "मी वयखतो इले."

पोलीस बाजूला झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

काकूंनी मात्र काकांच्या पाठीला बोट टोचलं. "वयखता ना? मंग सरका पुढं."

काका सरकले नाहीत. पुढची रांग पार दारापर्यंत गेली, मागचे लोक ओरडायला लागले, आणि ती दोघं बोलत तिथंच उभी होती.