आमच्या खड्ड्याचा पंचनामा

कायद्याच्या बाबतीत चामटोलीत माझा हात धरणारा कोणी नाही, असं गाव म्हणतं. मी तसं म्हणत नाही. मी म्हणतो, पार बदलापूरपर्यंत कोणी नाही.

तसा मी वकील नाही. उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे. पण कारखान्याच्या वरच्या माळ्यावर एका वकिलाचं ऑफिस आहे आणि गेली अकरा वर्षं मी दुपारचा डबा त्याच्या दाराबाहेर, जिन्यावर बसून खातो. अकरा वर्षं ऐकलं तर गाढवालाही कलमं पाठ होतील, असं माझी बायको सुषमा म्हणते. मी ते कौतुकच समजतो.

तर झालं असं. गेल्या महिन्यात संध्याकाळी मी स्टेशनवरून सायकलने घरी येत होतो. पाइपलाइनच्या ठेकेदाराने गावच्या वळणावर, ऐन रस्त्यात, कमरेएवढा खड्डा खणून ठेवला होता. कठडा नाही, फळी नाही, लाल फडकं नाही. मी सायकलसकट आत! डावं मनगट मोडलं. आता तुम्ही म्हणाल, डावं तर डावं. पण कटिंग मास्टर उजव्या हाताने मशिन चालवतो आणि कापडाची थप्पी डाव्याने दाबून धरतो. डावा गेला की मास्टर गेला. सेठने फोनवर सांगून टाकलं, "अनंता, दो महिना आराम कर. पगार का मत पूछ." म्हणजे दोन महिने घर चालणार ते सुषमाच्या शिलाई मशिनवर. त्या दिवसापासून तिचं मशिन पहाटेच सुरू व्हायला लागलं. ते ऐकून मला अंथरुणात लाज वाटायची.

दुसरा कोणी नशिबाला बोल लावत बसला असता. मी प्लास्टर वाळायच्या आत अर्ज लिहायला घेतला. ऐकून ठेवा, तुमच्याही कामाला येईल. दुसऱ्याच्या हलगर्जीपणाने आपले हातपाय मोडले, तर आधी चौकीत तक्रार करायची. डॉक्टरचा दाखला, औषधांच्या पावत्या, जागेचे फोटो, साक्षीदार, सगळं जपून ठेवायचं. मग ज्यांचा रस्ता त्यांच्याकडे भरपाई मागायची, आणि नाहीच ऐकलं तर कोर्ट आहेच. वकील परवडत नसेल तर सरकारी मदत केंद्रात फुकट मिळतो. मला तिथे तेजस्वी मॅडम मिळाल्या. वयाने लहान, पण नजर अशी, की आपोआप चपला बाहेर काढाव्यात.

मॅडमनी अर्ज वाचला आणि मान डोलावली. मग फोटो मागितले. सुषमाने नऊ काढले होते.

"यात खड्डा कुठाय?"

"मी त्याच्या शेजारीच उभा आहे, मॅडम."

चेहरा नीट येऊ दे, असं मीच सुषमाला बजावलं होतं. नऊच्या नऊ फोटोंत चेहरा अगदी नीट आला होता.

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "बरं. रस्त्याच्या ओव्हरसिअरला पाहणीला बोलावते. पंचनाम्यात खड्डा आला की तुमचं काम झालं. तोवर खड्ड्याला कोणाचा हात लागता कामा नये."

गावात आल्या आल्या मी पिठाच्या गिरणीपासून देवळापर्यंत सगळ्यांना सांगितलं, की सोमवारी साहेब येणार, आणि माझ्या अर्जावर येणार. हात लावू नका, एवढं मात्र सांगायचं राहिलं. तीन आठवडे त्या खड्ड्याकडे कोणी ढुंकून बघितलं नव्हतं, आता कोण हात लावतोय?

सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून मी वळणावर गेलो आणि जागीच उभा राहिलो. रस्ता तळहातासारखा सपाट! वर रांगोळी. बाजूला आमचे माजी सरपंच रामभाऊ धुतलेली टोपी घालून, शाल आणि नारळ घेऊन उभे.

"रामभाऊ, खड्डा?"

"बुजवला. सकालपासून चालीस मानसं राबली. मुरूम टाकला, पानी मारला, रूळ फिरवला. सायेब पयल्यांदा गावात येनार, त्याची गारी खड्ड्यात आदलली तर गावाची अब्रू काय रं ऱ्हाईल?"

"अहो, तो खड्डा बघायलाच येतोय."

रामभाऊंनी थोडा विचार केला. "मंग तसा सांगायचा ना."

तेवढ्यात ओव्हरसिअर आले. शाल झाली, नारळ झाला, चहा झाला. साहेब खूश. "रस्ता तर फर्स्ट क्लास आहे, तक्रार कसली?" म्हणत त्यांनी वही काढली आणि लिहिलं, 'जागेवर खड्डा आढळला नाही.'

माझ्या डोळ्यांसमोर सुषमाचं मशिन आलं. "साहेब, दहा मिनिटं थांबा," मी म्हटलं, आणि गावाकडे वळून ओरडलो, "खणा रे!"

माझ्या गावासारखं गाव नाही. सकाळी राबलेल्या त्याच चाळीस माणसांनी, का म्हणून न विचारता, पुन्हा फावडी उचलली. पंधरा मिनिटांत ठेकेदारापेक्षा खोल खड्डा तयार. अभिमानाने माझा ऊर भरून आला. साहेब टेप घेऊन काठावर गेले. मी मागून सांगत होतो, "लिहून घ्या साहेब. कठडा नाही, फळी नाही, लाल फडकं..." मुरूम ओला होता. साहेब शालीसकट खाली गेले.

घोटा मोडला. रिक्षात घालून दवाखाना, तिथून चौकी. हवालदाराने विचारलं, "खड्डा कोणी खणला?"

"अनंतानं," चाळीस माणसांनी एकसुरात सांगितलं. आपल्या माणसाचं श्रेय दुसऱ्या कोणाला जाऊ द्यायची गावाची रीत नाही.

हवालदार लिहू लागला, 'साहेब खड्ड्यात पडले व पाय दुखतो.' मला राहवेना. माझ्या गावच्या चौकीत असली तक्रार? "अहो, हे कोर्टात एक दिवस टिकायचं नाही. द्या इकडे." दोन पानं लिहिली. वेळ, जागा, लांबी, रुंदी, खोली, परवानगी न घेता सार्वजनिक रस्ता खणला, कठडा लावला नाही, चाळीस साक्षीदार. सोबत सुषमाने त्या दिवशी काढलेले नवे फोटो, या वेळी खड्डा मधोमध. साहेबांनी कण्हत सही केली आणि माझा उजवा हात दाबला.

दुसऱ्या दिवशी तेजस्वी मॅडमचा फोन आला.

"अनंताराव, तुमचा अर्ज फेटाळला. खड्डा अर्जदारानेच खणला, असं पंचनाम्यात आहे. आणि तुमच्यावर साहेबांनी भरपाईचा दावा लावलाय. तक्रार वाचली मी. यातून तुम्हाला कसं सोडवू कळत नाही. इतका पक्का मसुदा मी आजवर पाहिला नाही. लिहिलाय कोणी?"

सुषमा समोरून हातवारे करून गप्प बस म्हणत होती. शहाणा माणूस गप्प बसलाही असता.

"मीच," मी म्हटलं. "आणि मॅडम, दुसरं पान बघा. ते जास्त पक्कं आहे."