दुसरा हात पिठात

अन्वरच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी पुठ्ठ्याचा एक तुकडा असायचा. बुटाच्या खोक्यातून कापलेला. त्याच्या मधोमध ब्लेडने पाडलेली एक चौकोनी खिडकी, काडेपेटीपेक्षा जराशी लहान. समोर लिहिलेलं काहीही आलं, की अन्वर पुठ्ठा काढायचा, त्यावर ठेवायचा आणि खिडकीतून दिसेल तेवढंच वाचायचा. हॉटेलातलं दरपत्रक, एसटी स्टँडवरची सूचना, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, काही सुटायचं नाही. एकदा मी त्याला चुलत भावाच्या लग्नाची पत्रिका दिली. त्याने ती मान लववून घेतली, टेबलावर ठेवली आणि वर पुठ्ठा ठेवला.

"गणपती," तो म्हणाला. पुठ्ठा खाली सरकवला. "कुलदेवता." आणखी खाली. "आजोबा. चुलत आजोबा. ह्ये कोण, मुंबई मंडळाचे अध्यक्ष? त्यांचं काय काम मधे?" सरकवत सरकवत तो पत्रिकेच्या पोटापर्यंत आला. "बीएस्सी, लग्न कुणाचं हाय ते कळायला मला किती खाली उतरावं लागलं बघ. आन् नवरी अजून आलीच नाय."

बीएस्सी म्हणजे मी. नाव सुनंदा, पण महाडच्या ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही दोघं शिकवायचो, तिथे अन्वरने मला नावाने कधी हाक मारली नाही. तो स्वतः बीकॉम होता, पण त्याचं त्याला काही नव्हतं. मला होतं. पोलादपूर तालुक्यात कापड्याला आमचं घर. शेतातलं भात शिमग्यापर्यंत पुरायचं. पुढे वडील मुंबईत एका खानावळीत भांडी घासून जे पाठवतील त्यावर, आणि आई दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जाऊन जे आणेल त्यावर. माझ्या आधी आमच्या घरात कुणी दहावी ओलांडली नव्हती. म्हणून मला पदवी मिळाली तेव्हा वडिलांनी दारावर पाटी ठोकली : कु. सुनंदा, बी.एस्सी. आमच्या वाडीत पाटी वाचून घर शोधणारं कुणी नव्हतं. तरी ठोकली. मला त्या पाटीचा अभिमान होता, अजून आहे.

अन्वर एकदा आमच्याकडे जेवायला आला होता. आत यायच्या आधी त्याने त्या पाटीवर पुठ्ठा धरला. मी मनातून तयारीत राहिले.

"नाव आन् डिग्री, दोनी एकाच खिडकीत," तो वडिलांना म्हणाला. "काका, तुम्हाला डिझाइन कळतं."

वडिलांना डिझाइन म्हणजे काय ते कळलं नाही, पण त्यांनी त्याला आग्रह करकरून जेवायला वाढलं.

आता पुठ्ठ्याचं कारण सांगते. ते दिवस बटणांच्या मोबाइलचे. ब्लॉग, म्हणजे इंटरनेटवरचं आपलं स्वतःचं पान, तेव्हा नवं होतं. कुणाचा ब्लॉग वाचायचा तर मोबाइलवर कसाबसा वाचता यायचा. पण ब्लॉगच्या मालकाला नवीन काही लिहायचं असेल, जुनं दुरुस्त करायचं असेल, तर त्यासाठी आतल्या बाजूला वेगळं पान असतं; ते बनवलेलं कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यासाठी. बटणांच्या मोबाइलवर ते उघडलं, की काडेपेटीत नऊवारी कोंबल्यासारखं दिसायचं. हे मालकाचं पान मोबाइलवर सुटसुटीत दिसावं म्हणून अन्वर एक जोडसॉफ्टवेअर लिहीत होता. त्याला प्लगइन म्हणतात. क्लास सुटल्यावर, लोडशेडिंगच्या वेळा सांभाळून तो त्याच्यामागे लागलेला असायचा. ते कर म्हणून त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. पुठ्ठ्यातली खिडकी होती मोबाइलच्या पडद्याएवढी. त्यात जे मावत नाही ते फालतू, असं त्याचं सरळ म्हणणं.

"पण हे घेणार कोण?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक हाय."

"कोण?"

"हाय एक. एकच हाय. त्याला कुणाला न विचारता एकट्याने लिहिता आलं, तर मी पास. एकदा जरी कुणाला विचारावं लागलं, तर नापास."

मला वाटलं, असेल कुणी पेढीवाला नाहीतर पुढारी.

त्याचं दुसरं वेड पिठाचं. मी एखादी सुधारणा सुचवली, उदाहरणार्थ वरच्या बाजूला चार बटणं एका ओळीत दे, की तो डोळे मिटून विचार करायचा आणि म्हणायचा, "नाय जमणार. दुसरा हात पिठात हाय असं धर." रंग दे म्हटलं, तरी दुसरा हात पिठात. अक्षरं बारीक कर म्हटलं, तरी तेच. पुढे पुढे क्लासची पोरंसुद्धा गृहपाठ झाला नाही की मला सांगायला लागली, "मॅडम, दुसरा हात पिठात होता."

एका दुपारी तो खरोखरच स्टीलच्या डब्यातून तांदळाचं पीठ आणि थर्मासमधून कढत पाणी घेऊन आला. परात त्याने क्लासच्या शिपाईमावशींकडून मिळवली.

"बीएस्सी, मळ."

"मी इथे शिकवायला येते."

"शिकवतेसच की. मळ."

मी मळायला लागले. उजवा हात कोपराखाली पांढरा झाला, तसा त्याने माझ्या डाव्या हातात मोबाइल दिला. "लिही. आज पाऊस आहे. आन् छाप." मी अंगठ्याने लिहिलं, शेवटचं बटण दाबलं आणि लिहिलेलं सगळं गेलं. 'छापा' आणि 'रद्द करा' ही बटणं शेजारी शेजारी होती. अन्वरच्या चेहऱ्यावर लॉटरी लागल्यासारखा आनंद. तेवढ्यात क्लासचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, दारात येऊन उभे राहिले. परात बघितली, माझा हात बघितला.

"हे काय चाललंय?"

"टेस्टिंग, सर," अन्वर म्हणाला.

सर जवळ आले, पिठाला बोट लावून बघितलं. "पाणी कमी पडलंय," एवढं बोलून केबिनमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी त्या दोन बटणांत अन्वरने पडद्याच्या दोन टोकांचं अंतर टाकलं.

प्लगइन बरं चालायला लागल्यावर त्याने ते इंटरनेटवर फुकट ठेवून दिलं. आणि गंमत अशी की कुठले कुठले परके लोक ते वापरायला लागले. त्यांच्या सूचना यायच्या. एका परदेशी माणसाने लिहिलं, की यात किती लोकांनी वाचलं त्याचा आलेख दिसला तर बरं होईल. अन्वरने उत्तर लिहून इंग्रजी तपासायला मला दाखवलं. एकच ओळ होती : माफ करा, दुसरा हात पिठात असतो.

"हे नको पाठवू," मी म्हटलं. "त्याला काय कळणार?"

"ज्याला वापरायचं हाय त्याला कळंल."

पाठवलं. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं, माझा दुसरा हात बाळाच्या डोक्याखाली असतो. तुमचं बरोबर आहे, आलेख नको. अन्वरने ते छापून क्लासच्या कपाटाला आतून चिकटवलं. पण आनंदात दिसला नाही. "हे सगळे वरचे," म्हणाला. "माझं गिऱ्हाईक परीक्षेला अजून बसायचं हाय."

ते गिऱ्हाईक मला ईदला भेटलं.

ईदला मी अन्वरच्या घरी तुडीलला गेले. सावित्रीच्या काठचं कौलारू घर. घरात दादी, काका-काकू, त्यांची पोरं, अन्वरची अम्मा. अब्बा मस्कतला क्रेन चालवायला, अन्वर पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जायचा तेव्हापासून. शिरखुर्मा खाताना मला फळीवर एक जुना टेपरेकॉर्डर दिसला. त्यावर झाकलेला रुमाल धुतलेला, इस्त्री केलेला.

"हा आमचा पोस्टमन," अन्वर म्हणाला. मग त्याने सांगितलं. तिकडे फोन करणं परवडत नव्हतं त्या दिवसांत गावातलं कुणी मस्कतला परत निघालं, की त्याच्या हाती कॅसेट जायची. आदल्या संध्याकाळी सगळं घर टेपरेकॉर्डरभोवती गोल बसायचं. आधी दादी, गुडघ्यांची सगळी हकीकत. मग काका, कौलं आणि वासे. मग पोरांनी कविता म्हणायच्या. मधे शेळी ओरडायची, तीही जायची. सगळ्यांचं झालं की कुणीतरी अम्माकडे टेप सरकवायचं. सगळे तिच्याकडे बघत बसलेले. अम्मा पदर सारखा करून म्हणायची, "सगळी बरी हाव. तब्येतीला जपा." खटकन बटण बंद.

"मंग फोन आला," अन्वर म्हणाला. "पण फोनही मधल्या खोलीत. हिकडं सगळं घर कान लावून, तिकडं अब्बांच्या खोलीत आठ माणसं. मला दाढी आली, बीएस्सी. अम्मा अजून त्याच वाक्यावर हाय."

मी चमचा खाली ठेवला. दुसरा हात कुणाचा, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

अम्मा मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. अब्बा मागच्या वेळी येऊन गेले तेव्हा त्यांनी तिला मराठी अक्षरांचा मोबाइल घेऊन दिला होता. अन्वरने तिच्यासाठी एक ब्लॉग उघडला होता, कुलूपबंद. लिहायची किल्ली अम्माकडे. वाचायची अब्बांकडे, ते दर शुक्रवारी तिकडच्या सायबर कॅफेत एकटे बसून वाचतील अशी योजना. स्वतःची वाचायची किल्ली त्याने काढून टाकली होती.

"मी मधे नाय," तो म्हणाला आणि चपला घातल्या. "आता तिची भाकरीची वेळ हाय. ती एकटी असते तेव्हाच लिहिते. मी नदीवर बसतो."

मला मात्र चाचींनी, म्हणजे त्याच्या अम्मांनी, स्वयंपाकघरात बोलावलं. चुलीवर तवा, परातीत तांदळाची उकड, चाचींचा उजवा हात त्यात मनगटापर्यंत. डाव्या हातात मोबाइल. अंगठा सराईतासारखा चालला होता. मनात म्हटलं, झाला हा पास.

चाचींनी दाराकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोरी, तुला येक इचारू? अन्वर नाय ना हिकडं?"

"नाही. नदीवर गेलाय."

"ह्या चौकटीत येवढाच मावतो काय गो?"

"म्हणजे?"

"भरली का पुढं घेतच नाय. मंग मी पयला खोडते, तवा दुसरा लिवता येतो. मंग त्यातला बी खोडते. खोडून खोडून शेवटी ऱ्हातो काय, तर सगळी बरी हाव." त्या हसल्या, पण अंगठा बटणावर तसाच होता. "पोराने येवढी मेहनत केली. त्याला कसा सांगू, लहान पडते म्हणून?"

त्या चौकटीला मर्यादा अन्वरनेच घातली होती. त्यापेक्षा जास्त अक्षरं झाली की स्वस्तातला फोन मान टाकायचा, हे एक कारण. दुसरं कारण त्याच्या खिशात होतं.

मी चाचींना "बघते" एवढंच म्हटलं आणि नदीवर गेले. अन्वर एका धोंड्यावर बसला होता. मला बघून उठला.

"लिहिलं?"

"नापास," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. "काय विचारलंन?"

"चौकट लहान पडते म्हणतात."

"लहान?" त्याने मला पुन्हा सांगायला लावलं. मी सगळं सांगितलं, खोडण्याचंसुद्धा. तो परत धोंड्यावर बसला. खिशातला पुठ्ठा काढला, खिडकीतून पाण्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मला वाटायचं अम्माचं येवढंच असतं. तिला जास्त बोलायचं नसतंच."

माझ्या आईलाही मी कधी विचारलं नव्हतं, वडील मुंबईला असताना तिला काय काय सांगायचं असायचं ते.

पुढचे काही आठवडे क्लासमध्ये कुणी त्याच्या वाटेला गेलं नाही. फोनची ताकद वाढवणं त्याच्या हातात नव्हतं. म्हणून त्याने वेगळीच युक्ती काढली. चौकट भरली, की खाली एक बटण उगवायचं : 'आणखी'. ते दाबलं की लिहिलेलं जपून ठेवलं जायचं आणि नवी कोरी चौकट समोर यायची. तिकडे वाचणाऱ्याला मात्र सगळं एकसलग दिसायचं. कितीही वेळा दाबा. पडद्याची सगळी रुंदी त्याने त्या एका बटणाला दिली. पिठाच्या हाताचं कोपर लागलं तरी दाबलं जाईल एवढं मोठं. मळायला या वेळी मला सांगावं लागलं नाही, मीच परात घेऊन बसले. सर येऊन म्हणाले, "आज पाणी बरोबर आहे."

नवं बटण अम्माच्या पानावर आल्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी आम्ही क्लासमध्ये असताना अन्वरला मस्कतहून फोन आला. पलीकडे अब्बांचा आवाज खणखणीत, मला इथपर्यंत ऐकू येत होता.

"अरे, तुझ्या त्या पानावर आज लई वेळ गेला. कॅफेवाला दोनदा येऊन डोकावून गेला."

"मंग?"

"मंग काय. बसलो."

अब्बा जरा खाकरले. मग म्हणाले, "उत्तर लिवायचं बटण कुठं हाय रे?"

अन्वरने कपाळावर हात मारला. ते बटण त्याने ठेवलंच नव्हतं. "टाकतो," म्हणाला, "आजच टाकतो." आणि फोन ठेवल्याठेवल्या बसला कामाला.

चाचींनी काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. अन्वरलाही नाही. पुठ्ठा अजून त्याच्या खिशात असतो, फक्त खिडकीची खालची पट्टी त्याने कापून टाकली आहे. पत्रिका आली की अजूनही वर ठेवतो. पण खालून आता सगळं दिसतं, नवरीसकट.

ते प्लगइन पुढे कितीतरी देशांतल्या लोकांनी वापरलं, आणि सगळ्यांनी कौतुक केलं ते 'आणखी'चं. आमच्या महाडला बसून अन्वरने ते केलं. आणि तुडीलच्या एका बाईने मस्कतला असलेल्या नवऱ्याला, कुणाला न विचारता, हवं तेवढं लिहिलं.