पाठ केलेले दहा शब्द

"आपल्याला काही झालेलं नसताना रुग्णालयात जायचं कशाला?" चावीवाल्यांनी विचारलं.

"काही व्हायच्या आधी कळावं म्हणून," बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची आणि घरातही उत्तर एकदाच सांगायची. रुग्णालयात पन्नाशीच्या आसपासच्या धडधाकट माणसांची स्मरणशक्ती तपासत होते. पुढे विसराळूपणाचा आजार होणार असेल, तर त्याची चाहूल आधीच लागावी, हा हेतू. तिने दोघांचे अर्ज भरून टाकले होते. तिची तपासणी सोमवारी, त्यांची शुक्रवारी.

चावीवाल्यांनी शुक्रवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले. गेल्याच महिन्यात त्यांनी एका गिऱ्हाइकाला त्याच्या कपाटाच्या चावीऐवजी स्वतःच्याच दुकानाची चावी देऊन टाकली होती आणि दोन तास पायरीवर बसून काढले होते.

सोमवारी बायको परतली. "दहा शब्द वाचून दाखवतात. मग वीस मिनिटं भलतंच काहीबाही विचारतात आणि म्हणतात, आता ते शब्द सांगा."

"तुला किती आले?"

"दहा," ती पर्स अडकवत म्हणाली.

"मग मलाही सांग ना."

"अहो, ही कॉपी झाली."

"नवऱ्याला मदत झाली."

तिने सावकाश एकेक शब्द सांगितला आणि चावीवाल्यांनी चावीच्या पाकिटावर लिहून घेतला. चार दिवस ते कानस चालवताना शब्द घोकत होते. बुधवारी एका गिऱ्हाइकाने "किती झाले?" विचारलं, तर हे म्हणाले, "घोडा, पूल, रुमाल." गिऱ्हाईक हळूच एक पाऊल मागे सरकलं. गुरुवारपर्यंत यादी उलटीकडूनही पाठ झाली.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी शब्द वाचले. चावीवाल्यांनी ते ऐकलेच नाहीत; गरजच काय? ते नुसते मान डोलावत राहिले. वीस मिनिटांनी त्यांनी एका दमात सांगितलं, "ढग, चमचा, घोडा, पूल, रुमाल, दिवा, बटाटा, खडू, फळा, डस्टर."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "यातला एकही शब्द मी वाचला नव्हता."

"एकही नाही?"

"एकही नाही." त्यांचा आवाज फार मऊ झाला होता, आणि त्यानेच चावीवाले जास्त घाबरले. "न घडलेलं घडल्यासारखं वाटणं, असं हल्ली वरचेवर होतं का? सोबत घरचं कोणी आलंय?" त्यांनी कपाटातून एक जाडजूड फॉर्म काढला. "मेंदूचा फोटो काढून घेऊ."

"मेंदू ठीक आहे, डॉक्टर," चावीवाले खाली मान घालून म्हणाले. "कॉपी केलीय." आणि त्यांनी पाकीट पुढे ठेवून सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं. "म्हणूनच आम्ही रोज यादी बदलतो. ही सोमवारची दिसतेय. पण खडू, फळा, डस्टर? हे तर आमच्या कुठल्याच यादीत नाहीत." बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

चावीवाल्यांच्या लक्षात आलं. सातव्या शब्दानंतर बायको अडली होती, आणि अडल्यावर सवयीने वर्गात शिरली होती. म्हणूनच ती चार दिवस गॅस बंद आहे ना, हे दोन-दोनदा बघून येत होती.

"सात म्हणजे कसे हो?" त्यांनी विचारलं.

"या वयाला चांगले. काळजीचं काही कारण नाही."

मग बाईंनी नवी यादी वाचली. या वेळी चावीवाल्यांनी कान देऊन ऐकली.

घरी बायको पेपर तपासत होती. "किती?" तिने मान वर न करता विचारलं.

"सात."

लाल पेन थबकलं. "सातच?"

"सात चांगले, म्हणाल्या. काळजीचं काही नाही."

"असं म्हणाल्या? नक्की?"

"अगदी याच शब्दांत."

तिने पेनाला टोपण लावलं. "मग मनाला लावून घेऊ नका," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, त्यांना चहा करून दिला आणि आतल्या खोलीत बहिणीला फोन लावला. दार अर्धवट उघडं होतं.

"यांना सात आले गं. हो, सात चांगले असतात म्हणे." मग तिने आवाज खाली आणला. "मलाही सातच आले होते."

चावीवाल्यांना नव्या यादीतले नऊ आले होते. ते त्यांनी चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकले.