तांबेकाकांकडे फोटो काढायचाय? सुट्टी टाका

आमच्या परळमधल्या तांबेकाकांकडे पासपोर्ट साइज फोटो काढायचा म्हणजे ऑफिसात किमान अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकावी लागते. माणूस घाईत येतो, स्टुलावर बसतो, मान ताठ करतो. काका कॅमेऱ्यातून बघतात आणि सावकाश बाजूला होतात.

"साहेब, तुम्ही आलात. पण तुमचा चेहरा अजून पोचला नाही."

"म्हणजे?"

"ट्रॅफिकमध्ये असेल. बसा, चहा घ्या, येईल."

मग चहा येतो. तुमचं गाव कुठलं, सकाळी काय खाल्लंत, साहेब बरे आहेत का खडूस, असली चौकशी होते. तुम्ही साहेबाचा उद्धार करण्यात रंगलात की कुठूनतरी 'खट्' असा आवाज येतो. फोटो निघालेला असतो. तो कधीकधी पासपोर्टच्या नियमात बसत नाही, मग परत काढावा लागतो. पण पहिला फोटो लोक घरी नेऊन जपून ठेवतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न तसल्याच एका नापास फोटोवर जमलं.

काका अंगाने सडपातळ, साठी ओलांडलेले, आणि बाराही महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. "रंगीत शर्ट घातला तर त्याचा रंग समोरच्याच्या गालावर पडतो," असं त्यांचं म्हणणं. स्टुडिओत कुणी नसलं की ते फोटो सुचावेत म्हणून हिंडतात. लालबागच्या भाजीवाल्यांकडे वांगी उजेडात धरून फिरवत बसतात. मी सोबत असले की मला दाखवतात, "सुजाता, बघ, उजेड कसा अलगद बसलाय ह्याच्यावर. असा माणसाच्या कपाळावर बसला पाहिजे."

"काका, घेणार आहात का नुसते बघणार आहात?" भाजीवाली विचारते.

हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानात तर त्यांना बघितलं की सेल्समन पाठ फिरवतात. काका साडी उलगडायला लावतात आणि गिऱ्हाईक म्हणून आलेल्या बाईच्या डोक्यामागे धरून चार पावलं मागे जातात. एकदा एक नवरा चांगलाच भडकला होता. काकांनी त्यालाही त्याच साडीपुढे उभं केलं आणि म्हणाले, "वा! तुम्हाला जास्त उठून दिसतेय."

आता आमच्या घरातली गोष्ट सांगते. माझे बाबा गोदीत होते. ते गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा असा फोटोच घरात सापडेना. शेवटी कामावरच्या ग्रूप फोटोतून त्यांना कापून काढलं आणि मोठं केलं. आजही भिंतीवर बुद्धांच्या तसबिरीशेजारी बाबा आहेत आणि त्यांच्या खांद्यावर कुणाचातरी हात आहे. तो कुणाचा, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

बाबांच्या मागे आई गप्प झाली. दवाखाना सोडला तर चाळीचा जिना उतरायची नाही. आणि एके दिवशी अचानक म्हणाली, "मला तांबेभाऊंकडे घेऊन चल."

मला आनंद झाला. आई बाहेर पडतेय! स्टुडिओत शिरल्यावर मात्र ती सरळ म्हणाली, "भाऊ, माझा एक चांगला फोटो काढा. भिंतीवर लावायला."

"कुठल्या भिंतीवर, वहिनी?"

"ह्यांच्या शेजारी. आत्ता नाही, नंतर. माझ्या खांद्यावर कुणाचा हात नको."

काकांनी लेन्सवर झाकण लावलं.

"तसले फोटो मी काढत नाही. जिवंत माणसाचा काढायचा असेल तर सांगा."

"जिवंतपणीच काढणार ना? नंतर कशी येऊ?"

काका लाइटचा स्टँड उगाच इकडेतिकडे सरकवून म्हणाले, "काढू. पण तुमचा चेहरा काही पोचायचं लक्षण दिसत नाही. कुठे राहिला असेल?"

"राहिला असेल माहेरी. माझगावला," आई तुटकपणे म्हणाली.

पुढच्याच रविवारी काका टॅक्सी घेऊन खाली हजर. "चला वहिनी, चेहरा घेऊन येऊ."

आई नको नको म्हणत निघाली. माझगावला तिची जुनी चाळ अजून उभी होती. जिन्यात एक जाड बाई वाळत घातलेले कपडे काढत होती. तिने आईकडे बघितलं, कपडे टोपलीत टाकले आणि ओरडली, "शाले! तू गो?"

ती फिलोमिना, आईची शाळेतली मैत्रीण. दोघी जिन्यातच बसल्या. चर्चच्या आवारातल्या चिंचा, पाद्रीबाबाची छडी, कुणाच्या लग्नात कोण पळून गेलं, एकेक निघालं. आई तोंडाला पदर लावून हसत होती. कितीतरी दिवसांनी.

काकांच्या गळ्यात कॅमेरा लटकत होता. ते नुसते कठड्याला टेकून बघत होते.

"काका, काढा ना!" मी कुजबुजले.

"थांब गं. आत्ता नुसतं बघू दे."

पुढचे कितीतरी रविवार असेच गेले. पाठीमागे कुठला रंग हवा म्हणून आईला हिंदमाताला नेलं. सकाळचं ऊन कसं पडतं ते बघायला प्रभादेवीच्या समुद्रावर नेलं. फोटो काही निघेना. काय तर म्हणे, "सुचत नाही." इकडे आई शनिवारीच साडीला इस्त्री करून ठेवू लागली.

एकदा मी ऑफिसातून येताना स्टुडिओत शिरले आणि विचारलंच, "काका, तुम्ही टाळताय ना?"

ते लेन्स पुसत होते. पुसतच राहिले.

"मंगलनेही असाच मागितला होता," ते म्हणाले. मंगलकाकू म्हणजे त्यांची बायको. मी लहान असताना गेल्या. "आजारात. म्हणाली, तुम्ही सगळ्या गावाचे फोटो काढता, माझा आत्ताच काढून ठेवा. मी काढला. फार सुंदर आला, सुजाता. तिने हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, झालं, आता काळजी नाही. आणि खरंच तिने काळजी सोडली. औषधसुद्धा नको म्हणायला लागली."

काकांनी लेन्स खाली ठेवली.

"फोटोने काही होत नाही, एवढं मला कळतं. पण वहिनी समोर बसल्या की हात पुढे होत नाही."

घरी येऊन मी आईला हे सांगितलं. ती तांदूळ निवडत बसली. दुसऱ्या दिवशी मात्र एकटीच जिना उतरून स्टुडिओत गेली. मी मागोमाग धावले.

"तांबेभाऊ, भिंतीचं राहू दे. फिलूला माझा फोटो पाहिजे. रोज फोन करून डोकं खाते माझं. तिच्यासाठी काढा."

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं होतं. पण ते फक्त "बसा" म्हणाले आणि चहा मागवला.

आईने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "हा चहा? हा पाजून लोकांचे चेहरे आणता तुम्ही? ह्यात आलं नाही, वेलची नाही, दुधाचा पत्ता नाही..." हात नाचवत तिने चहावाल्याची पार सालं काढली आणि स्वतःच्याच बोलण्याचं तिला हसू फुटलं.

खट्.

मंगळवारी संध्याकाळी काका प्रिंट घेऊन घरी आले. एक फिलोमिनासाठी, एक आमच्यासाठी. फोटोत आईचं तोंड अर्धवट उघडं, एक हात हवेत, आणि डोळ्यांत नुसता खट्याळपणा. आईने तो लांब धरून बघितला, जवळ आणून बघितला.

"बरं झालं त्या भिंतीसाठी नाही काढला. लोक म्हणाले असते, मेली तरी केवढी खुशीत आहे!"

तो आम्ही कपाटावर, रेडिओशेजारी ठेवला. आईने आलं घालून चहा केला. काकांनी तो संपवला आणि उठले. दाराशी बराच वेळ चपलेत पाय घालत राहिले.

"फोटो तर झाला, वहिनी. म्हणजे आता रविवारचं तसं काही काम उरलं नाही."

घरी त्यांची वाट बघणारं कुणी नाही, हे मला माहीत होतं. पण ते माझ्या लक्षात आलं ते त्या क्षणी.

आई आतून म्हणाली, "काम नसलं म्हणून काय झालं? रविवारी सुकट करणार आहे. जेवायला या. फिलूलाही बोलावलंय."

"येऊ?"

"मग काय टॅक्सी पाठवू?"

काका हसले. घातलेली चप्पल त्यांनी पुन्हा काढली आणि आत येऊन खुर्चीवर बसले. आईने न विचारता पातेल्यात आणखी एक कप पाणी टाकलं. रविवार यायला अजून बराच अवकाश होता.