परबकाकांचा पंचा

पोकलेन बिघडली की परबकाका आधी तिच्या स्क्रीनवर आपला पंचा टाकतात. स्क्रीनवर कोड चमकत असतो, अमुक नंबर, तमुक सेन्सर, आणि हा माणूस तोच झाकून ठेवतो! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, म्हातारा गेला कामातून.

"अहो काका, कोड वाचा तरी!"

"कोड ही तक्रार गो बाय. दुखणा येगळा. पोट दुखता म्हणान रडणाऱ्या पोराचो कान दुखत आसता."

घाटकोपरला खाडीच्या अंगाला आमच्या शेटचं जुन्या मशिनींचं यार्ड आहे. लोकांनी वर्षानुवर्षं पिळून काढलेल्या पोकलेन इथे येतात, दुरुस्त होतात, रंग लावून नवरीसारख्या उभ्या राहतात आणि विकल्या जातात. मी ऑफिसात बसून कागदपत्रं बघते, परबकाका वायरिंग बघतात. त्यांचा उभा जन्म मुंबईत गेला, पण जिभेवरचं मालवण काही उतरलं नाही.

पंचा टाकला की चौकशी सुरू. मशीनची नाही हां, माणसांची. ऑपरेटर कोण होता? दुपारी झोपायचा कुठे? एकदा एका मशीनने पंपाच्या सेन्सरचा कोड धरून ठेवला होता. आधीच्या मालकाने तीन सेन्सर बदलले, कोड ढिम्म. काकांनी केबिनमध्ये नाक खुपसून वास घेतला आणि विचारलं, "हेचो ऑपरेटर देवभोळो होतो काय?"

होता ना! रोज सकाळी गणपतीच्या फोटोला जास्वंद वाहायचा आणि वर पाणी शिंपडायचा. फोटो होता नेमका फ्यूजच्या डब्यावर. पाणी झिरपून आतल्या पिना हिरव्यागार पडलेल्या. काकांनी त्या घासल्या, कोड गुल. मग फोटो पुसून वर कोरड्या जागी लावला आणि हात जोडले.

प्रत्येक कामाची नोंद ते एका वहीत करतात. मशीन, कोड, खरं कारण, लागलेला वेळ. एका पानावर 'कारण : मालकाचो मेवणो' एवढंच लिहिलंय. मेव्हण्याने यूट्यूब बघून वायरी जोडल्या होत्या.

दोन गोष्टींनी त्यांचं टाळकं सरकतं. दुरुस्ती न करता कोड पुसणारे, आणि लॅपटॉपवाले. लॅपटॉप घेऊन येणाऱ्या टेक्निशियनला त्यांनी या यार्डाची पायरी चढू दिलेली नाही, आणि याचा त्यांना कोण अभिमान! "मशीन कधी खोटा बोलत नाय," हे दिवसातून चारदा ऐकवतात, "खोटा बोलता तो माणूस."

तर मागे एका सोमवारी एक पोकलेन आली. मधेच बंद पडायची, स्क्रीनवर बॅटरीचा कोड. पुढच्या सोमवारी अकराला पालघरचं गिऱ्हाईक ती बघायला येणार होतं. काकांनी बॅटरीच्या खणाचं दार उघडलं, आत बघितलं, आणि हळूच लोटून घेतलं.

"वेळ लागात."

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. मी जाऊन बघितलं तर स्क्रीन उघडी.

"काका, पंचा कुठाय?"

"धुवूक टाकलंय."

गुरुवारी विचारलं, तरी धुवूकच! एरवी माझ्या टेबलावर बसून जेवणारा माणूस, बांगड्याचा तुकडा मागितला तर डबा छातीशी धरणारा, तो आता डबा घेऊन मशीनच्या मागे जाऊन बसायचा. मला वाटलं, लाजतोय बिचारा. हात चालेनासे झाले. खरं सांगते, मला फार वाईट वाटलं.

शनिवारी शेटचा पारा चढला. "परब, गिऱ्हाईक गेलं तर वाट लागेल माझी. जमत नसेल तर सांग, लॅपटॉपवाल्याला बोलावतो."

आता भडका उडणार म्हणून मी फाईल तोंडासमोर धरली. पण काका खाली बघत म्हणाले, "माका नाय जमणा, शेट. सोमवारी धा वाजेपर्यंत कळ काढा, मगे बोलवा तेका." अख्ख्या यार्डाने ऐकलं. मला तिथे उभं राहवेना.

सोमवारी मी नऊलाच पोचले. काका पिंपावर बसले होते. मला बघून ओठांवर बोट ठेवलं. समोरून एक काबरी मांजर तोंडात पिल्लू धरून चालली होती. कोपऱ्यातल्या जुन्या टायरात कोणीतरी गोणपाट अंथरलं होतं, त्यात तिने ते ठेवलं. आधीची तीन तिथे होतीच.

"शेवटचा," काका पुटपुटले आणि ताडकन उठले. बॅटरीचा खण उघडला आणि आतून काय काढावं? पंचा! केसांनी भरलेला. झटकला आणि थेट स्क्रीनवर टाकला. उंदराने कुरतडलेली वायर जोडली, टेप गुंडाळली, चावी फिरवली. दहाच्या आत मशीन झकास चालू.

शेट खूश, पण बोललेच. "एका वायरला आठवडा? वय झालं रे परब तुझं."

"होय शेट, झाला खरा."

शेट वळले तशी मी उसळले. "अहो काका, पिल्लं उचलून खोक्यात ठेवायची होती ना! सगळ्यांसमोर हरलो म्हणालात!"

"मांजर पिल्लांका सात घरां फिरयता. ह्या पयला. दुसऱ्यात ती आपल्या पायान जाऊंदे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "भांडुपाक घराकडे गेलंय की कुलूप. ही मांजर माझी पावलां वळखता गो. लांबसून उठान उभी रवता. येवढ्यासाठी बोललंय थोडा खोटा."

डबा घेऊन ते टायराकडे गेले. वही पिंपावर उघडी पडली होती. मी वाचली.

'कारण : उंदीर. लागलेला वेळ : वीस मिनिटां. उशीर : सात दिवस. उशिराचा कारण : बाळंतीण.'

मी वही मिटून ठेवली. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात बाळंतिणीसाठी एक बांगडा जास्तीचा होता.