समुद्रफूल आणि चौथं ‘नको’

एका जंगलात, बाळांनो, समुद्र सोडून सगळं होतं. झाडं होती, नदी होती, सात विकास समित्या होत्या आणि त्या सातांवर लक्ष ठेवायला एक आठवी होती. समुद्र तेवढा नव्हता. पण त्याची उणीव कोणाला भासत नव्हती, कारण तो कोणी पाहिलाच नव्हता.

हे जंगल एकाच गोष्टीसाठी प्रसिद्ध होतं. आग्रहासाठी. पाहुणा आला की त्याला खाऊ घालायचं. तो ‘नको’ म्हणाला की आणखी घालायचं. याचा नियमच होता आणि तो पिल्लांना शाळेत पाठ करावा लागे. पहिलं ‘नको’ हा संकोच. दुसरं ‘नको’ ही लाज. तिसरं ‘नको’ म्हणजे ‘हवंय हो, पण मी कसं मागू?’ चौथ्या ‘नको’चा अर्थ पुस्तकात दिलेला नव्हता. तिथवर कोणी पोचतच नसे. तोंडात घास असायचा.

तुम्हाला हे नवीन नाही. तुम्हालाही मावश्या आहेत.

तर एकदा सिंहमहाराज राजेलोकांच्या परिषदेला दर्याकाठी गेले. परिषदेत हवा शुद्ध ठेवण्याचा ठराव झाला आणि मग सगळे जेवायला गेले. निघताना दर्याराजाने महाराजांना एक भेट दिली. मोठी काचेची पेटी. पेटीत खारं पाणी, पाण्यात खडक आणि खडकावर एक समुद्रफूल.

समुद्रफूल हे फूल नव्हे बरं. तो प्राणीच. देठासारखं जाड अंग, वर जांभळ्या बोटांचा झुबका आणि झुबक्याच्या मधोमध तोंड. एकच तोंड. आत जायचं ते तिथूनच आणि बाहेर यायचं तेही तिथूनच. हसू नका. हे पुढे लागणार आहे.

त्या बोटांच्या झुबक्यात केशऱ्या नावाचा एक नारिंगी मासा राहायचा. फुलाची बोटं सगळ्यांना डसत, फक्त केशऱ्याला डसत नसत. भीती वाटली की तो आत शिरायचा. झोप आली तरी आत शिरायचा. त्याला दुसरं घर नव्हतं.

पेटीबरोबर मिठाचं एक पोतं आणि एक चिठ्ठी आली होती. कारभारी वानररावांनी ती भर दरबारात वाचली.

‘आठवड्यातून एकदा वाटाण्याएवढा कोळंबीचा तुकडा द्यावा. पाणी थोडं थोडं बदलावं. ऊन दाखवावं. बाकी काही करू नये.’



“वाटाण्याएवढा?” हत्तीणमावशी म्हणाली. “आणि तोही आठवड्यातून एकदा? अहो, माहेर सोडून आलीय ती पोर!”

“लिहिणाऱ्याची चूक असणार,” वानरराव म्हणाले. त्यांनी चूक तिथल्या तिथे दुरुस्त केली. ‘आठवड्यातून एकदा’ खोडून ‘दिवसातून आठदा’ लिहिलं. ‘वाटाण्याएवढा’ खोडून ‘नारळाएवढा’ केलं. ‘बाकी काही करू नये’ या ओळीवर लाखेची राजमुद्रा उमटवली, त्यामुळे ती ओळ झाकली गेली. मग चिठ्ठी पेटीच्या खोलीतल्या भिंतीवर लावली. मिठाचं पोतं ते घरी घेऊन गेले. कैरीचे दिवस होते.

मग खाऊ घालणं सुरू झालं.

पहिल्या दिवशी कोळंबी झाली. दुसऱ्या दिवशी शिकरण. तिसऱ्या दिवशी अस्वलांनी सामुदायिक मध आणला. चौथ्या दिवसापासून हत्तीणमावशीचे डिंकाचे लाडू. समुद्रफुलाला ‘नको’ म्हणता येत नव्हतं. बोटाला लागेल ते धरायचं आणि तोंडाकडे न्यायचं, एवढंच त्याला जन्मापासून ठाऊक.

“अशी गुणाची पाहुणी मी पाहिली नाही,” मावशी सगळ्यांना सांगायची. “एकदासुद्धा नको म्हणत नाही हो!”

आठव्या दिवशी पाहुणी आजारी पडली.

फुलाची बोटं आखडली. जांभळा रंग उडाला आणि ते ताकासारखं पांढरंफटक दिसू लागलं. मधलं तोंड उघडं पडलं. पोटातलं सगळं बाहेर टाकायची त्याची धडपड चालली होती. आणि ते टाकणार कुठून? मघाशी सांगितलंच.

“अगंबाई!” मावशी ओरडली. “आ करतेय! भूक लागलीय पोरीला!”

अर्धा लाडू बाहेर येत होता. मावशीने तो सोंडेने परत आत ढकलला आणि वरून एक अख्खा दिला.

केशऱ्या काचेवर धावून आला. तो ओरडत होता, “पुरे! अहो, पुरे करा! मरेल ते!” पण काचेपलीकडे आवाज जात नाही. बाहेरून दिसला तो फक्त तोंडाची उघडझाप करणारा एक मासा.

“यालाही भूक लागलीय,” मावशी म्हणाली आणि तिने त्यालाही एक लाडू टाकला. केशऱ्या त्याच्याखाली सापडता सापडता वाचला.

राजवैद्य कोल्हेबुवांना बोलावणं गेलं. ते म्हणाले, “जीभ दाखवा.” जीभ नव्हती. ते म्हणाले, “हात पुढे करा.” हात एकशेवीस होते. वैद्यबुवा प्रामाणिक. ते एकेका बोटाची नाडी पाहू लागले. प्रत्येक बोट डसत होतं. त्र्याहत्तराव्या बोटाला ते मोजणी विसरले, कळवळून मागे सरले आणि निदान करून मोकळे झाले.

“अशक्तपणा,” ते सुजलेला पंजा झाडत म्हणाले. “खायला घाला. पेज द्या. हलकी असते.”

पेटीत दोन घागरी पेज ओतली. पाणी पांढरं झालं. आता आतलं काहीच दिसेना. काहींना त्यामुळे बरं वाटलं. दिसत नाही म्हणजे उतार पडला असेल, असं त्यांचं मत होतं.

जंगलात बातमी पसरली आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. रिकाम्या हाताने आजाऱ्याकडे कसं जायचं? प्रत्येकाच्या हातात वाटी होती. जो तो काचेवर टकटक करून “ओळखलंस का?” विचारायचा आणि वाटी रिकामी करायचा. आधी कोणी भरवायचं यावरून पळ्यांनी मारामारी झाली. दोन रानडुकरं आणि एक सांबर जायबंदी झाले. त्यांना भेटायला वेगळी रांग लागली.

सिंहमहाराज घाबरले. “दर्याकाठी काय म्हणतील?” ते वानररावांना म्हणाले. “आमच्याकडे पाहुणी उपाशी मेली म्हणतील! दाराशी कोणीतरी बसवा. रांग सरळ ठेवील असं.”

“असं एकच जण आहे, महाराज,” वानरराव नाक मुरडत म्हणाले. “सायाळआत्या.”

सायाळआत्याला जंगलात कोणी चांगलं म्हणत नसे. अंगावर काटे होते म्हणून नव्हे. तिच्या घरी गेलं की ती पाणीसुद्धा विचारत नसे. दार उघडून ती विचारायची, “का आलात?”

पण ती पूर्वी अशी नव्हती. आत्याचे यजमान अस्वलांच्या घरच्या मुंजीला जेवायला गेले होते. एकेचाळीस जिलब्या त्यांनी आग्रहाखातर खाल्ल्या. पहिलं ‘नको’ म्हणून झालं. दुसरं झालं. तिसरं म्हणताना बेचाळिसावी जिलबी तोंडात होती. चौथं राहूनच गेलं. तेराव्याला पुन्हा जिलब्याच होत्या आणि पंगतीत आत्यालाही आग्रह झाला. त्या दिवसापासून ती कोणाकडे गेली नाही.

आत्या आली. तिने पेटीकडे पाहिलं, वाट्यांच्या रांगेकडे पाहिलं आणि भिंतीवरच्या चिठ्ठीकडे पाहिलं. लाखेची मुद्रा तिने नखाने खरवडून काढली. खालची ओळ दोनदा वाचली. मग ती वानररावांच्या घरी गेली.

“या, या! काय घ्याल?” वानररावांनी विचारलं.

“मीठ,” आत्या म्हणाली.

अर्धं पोतं लोणच्यात गेलं होतं. उरलेलं अर्धं तिने पाठीवर टाकून आणलं. नदीच्या पाण्यात ते मोजून विरघळवलं. पेटीतलं घाण पाणी रोज थोडं काढलं आणि चांगलं पाणी थोडं घातलं. लाडू वेचून काढले. पेटी उन्हाच्या कवडशात सरकवली. मग ती दाराशी पाठ करून बसली आणि तिने काटे उभे केले.

“कशी आहे आता पोर?” हत्तीणमावशी लाडवांचा डबा घेऊन आली.

“का आलात?” आत्या म्हणाली.

मावशीला हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता. ती डबा घेऊन रडत घरी गेली.

जंगलात हलकल्लोळ झाला. ‘पाहुणीचे हाल!’ ‘आठ दिवस अन्न नाही!’ पळ्या वाजवत मोर्चा निघाला. शाळेतल्या पिल्लांनी एक दिवस फक्त दोनदा जेवून निषेध केला. वानरराव वही घेऊन चौकशीला आले.

“आज सकाळी काय केलंत?”

“पाणी बदललं.”

“मग?”

“बसले.”

“औषध?”

“नाही.”

“खुराक?”

“नाही.”

वानररावांनी वहीत लिहिलं, ‘काही केले नाही.’ आणि त्याखाली लाल रेघ ओढली.

खरं सांगू का? आत्यालाही खात्री वाटत नव्हती. ती दाराशी बसल्याला नववा दिवस उजाडला तरी फूल उघडलं नव्हतं. खडकाला एक पांढरं बोचकं चिकटलेलं, बस. बाहेर जग शिव्या देत होतं आणि आत ते बोचकं हलत नव्हतं. आत्याच्या मनात आलं, आपलंच चुकत असेल तर? सगळं जंगल वेडं आणि मी एकटी शहाणी, असं कसं होईल? तिने कोळंबीचा तुकडा उचलला. वाटाण्यापेक्षा जरा मोठाच. हात पाण्यात गेला.

केशऱ्या पुढे आला. या वेळी तो ओरडला नाही. ओरडून काही होत नाही हे त्याला कळलं होतं. तो फुलाच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने आत्याकडे पाठ केली.

आत्या बघत राहिली. पाठ करून बसणं म्हणजे काय हे तिच्यापेक्षा कोणाला जास्त ठाऊक?

तिने हात बाहेर घेतला. कोळंबी स्वतः खाल्ली. मग ती पुन्हा दाराशी बसली आणि तिला थोडं रडू आलं. काही न करणं फार कठीण असतं, बाळांनो. काही करणं त्या मानाने सोपं असतं, लाडू वळता आले की झालं.

पंधराव्या दिवशी सकाळी एक बोट हललं. दुपारपर्यंत दहा हलली. चार दिवसांत एकशेवीसच्या एकशेवीस बोटं पसरली आणि झुबका पुन्हा जांभळा दिसू लागला. केशऱ्याने एक गिरकी घेतली आणि तो सरळ घरात शिरला. तिथून तो दोन दिवस बाहेर आला नाही.

मग काय! सत्कार ठरला.

हत्तीणमावशीला ‘अन्नपूर्णा’ पदवी मिळाली. कोल्हेबुवांनी ‘मी आणि त्र्याहत्तर नाड्या’ या विषयावर दीड तास भाषण केलं. वानररावांना शुद्धलेखनाचं पदक मिळालं. अहवालात सायाळआत्याच्या नावापुढे ‘काही केले नाही’ असं होतं, म्हणून तिला शिष्टाचाराच्या वर्गात नाव घालायला सांगण्यात आलं.

“आता पाहुणीचं तोंड गोड करू या!” सिंहमहाराज म्हणाले. “प्रत्येकी एकच पेढा. जास्त नको, आजारातून उठलीय.”

जंगलात चारशे बारा प्राणी होते.

रांग लागली. केशऱ्याने बाहेर पाहिलं. मग तो फुलाच्या बोटांत शिरला आणि तिथेच थरथरत राहिला. हत्तीणमावशी सर्वांत पुढे होती. तिने पेढा असलेली सोंड पाण्यावर नेली.

सायाळआत्या पेटीपुढे येऊन उभी राहिली. काटे ताठ.

“नको,” ती म्हणाली.

“संकोच करतेय,” मावशी कौतुकाने म्हणाली.

“नको.”

“लाजतेय.” मागून हशा पिकला.

“नको.”

“बघा! हवंय, पण मागत नाही,” मावशी म्हणाली आणि सोंड पुढे सरकली.

“नको,” आत्या म्हणाली.

रांग थांबली. चारशे बारा प्राण्यांनी मनातल्या मनात पुस्तक उघडलं. पहिलं, दुसरं, तिसरं... पुढचं पान कोरं होतं. शाळेचे गुरुजी खाली मान घालून उभे राहिले.

“म्हणजे?” मावशीने विचारलं. तिचा आवाज एवढासा झाला होता. “म्हणजे... खरंच नको?”

“खरंच नको.”

सोंडेतून पेढा खाली पडला. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. “आमच्या हातचा एक पेढासुद्धा नको,” ती म्हणाली. “चला हो. आपली इथे कोणाला गरज नाही.” आणि ती निघाली. तिच्यामागे अस्वलं निघाली, कोल्हेबुवा निघाले, सगळी रांग निघाली. असा अपमान त्या जंगलात कधी झाला नव्हता. दुसऱ्याच दिवशी आठही समित्यांनी एकमताने ठराव केला की यापुढे त्या पेटीकडे कोणी फिरकायचं नाही. सिंहमहाराजांनी लोकमत बघून सही केली.

ते समुद्रफूल अजून आहे. चांगलं थाळीएवढं झालंय. जंगलात त्याची फार कीव करतात. “बिचारी पाहुणी,” म्हणतात, “कोणी म्हणून कोणी विचारायला जात नाही हो,” आणि डोळे पुसून पानावर बसतात.

दर सोमवारी सायाळआत्या वाटाण्याएवढा कोळंबीचा तुकडा घेऊन जाते. केशऱ्या काचेशी येतो.

“का आलास?” आत्या विचारते.

तो जात नाही.

तात्पर्य : आजारी पाहुण्याचं काहीही होवो, आपली पळी हलती ठेवावी. रोगी बरा झाला तर पदवी मिळते आणि मेला तर पंगत असतेच. मात्र काही न करता त्याला वाचवण्याचा उद्धटपणा कधीही करू नये.

पोट भरलं? असं कसं! आणखी एक तात्पर्य घ्या. माझी शपथ आहे, वाटाण्याएवढंच आहे : दार उघडून कोणी “का आलात?” म्हणालं, तर रागावू नये. आत कोणीतरी बरं होत असेल.